कापसावर घातलेला आळ

कापसाला वास नसतो असं म्हणणाऱ्यानं कापसानं भरलेल्या खोलीत एक दुपार काढून पाहावी. वास असतो. उन्हाचा, सरकीच्या तेलाचा, वाळक्या पाल्याच्या चुऱ्याचा, आणि आत कुठंतरी दडून बसलेल्या किड्यांचा. यंदा पहिल्या वेचणीचा कापूस आमच्या पुढच्या खोलीत भरला आहे, खिडकीच्या दांडीपर्यंत. गावात याचं कोणाला काही वाटणार नाही. भाव पडले की घरोघरी कापूस भरतात. पण आमच्या घरात कापूस आला तो माझी मुलगी जन्मल्यापासून पहिल्यांदा, आणि ती आता यवतमाळला कॉलेजात शिकते. सकाळपासून मी त्या खोलीत दोनदा झाडू घेऊन गेले आणि दोन्ही वेळा न झाडताच परत आले. तळहातांना खाज सुटली. हातांना काही झालेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी सुटली.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगाच नाही.

माझं पहिलं गरोदरपण कापसाच्या त्या वाईट वर्षांतलं. भावाचा भरवसा नव्हता. खरेदी केंद्र आज उघडं तर उद्या बंद, आणि उघडं असलं तर बैलगाड्यांची रांग आर्णीच्या नाक्यापर्यंत. ज्याला निभत होतं तो कापूस घरात भरायचा आणि वाट पाहायचा. लोक कापसावर जेवायचे, कापसावर निजायचे. पाहुणा आला तर त्यालाही कापसावरच बसवायचं, आणि तो उठला की त्याच्या पाठीला चिकटलेली सरकी झटकून द्यायची. किड्यांनी अंगावर गांधी उठायच्या. मार्गशीर्षात सगळं गाव खाजवत बसलेलं असायचं आणि त्याची कोणाला लाज नव्हती.

आमच्या घरात कापूस ठेवायचा की विकायचा, हे आत्याबाई ठरवत. आत्याबाई म्हणजे माझी सासू. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते आणि शेताचा सगळा कारभार या बाईनं एकटीनं ओढला होता. अंगानं काटकुळी, आवाज मात्र शेताच्या धुऱ्यापलीकडच्या गड्याला ऐकू जाईल असा. मला त्यांची भीती वाटायची. मी आईविना वाढलेली, काकांच्या घरात. तिथं कोणी मला छळलं नाही, खोटं कशाला बोलू. पण माझं ताट वाढायचं राहून गेलं तर ते कोणाच्या लक्षातही येत नसे. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. दिवस राहिल्याचं कळल्यावर पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की आता जायचं कुठं. आत्याबाईंनी तो माझ्या तोंडावर वाचला असावा. चुलीपुढं भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माहेर कायले पाह्यजे? मी आहो नं."

त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

गरोदरपणाबद्दल मला एवढंच माहीत होतं की पोट वाढतं आणि आतलं बाळ हलतं. बाकी काही कोणी सांगितलंच नव्हतं. दात घासताना रक्त येऊ लागलं तेव्हा वाटलं, दात पडणार. बेंबीखालून एक काळी रेघ उमटली, ती मी दोन दिवस साबणानं धुतली. मान काळी पडली, तर मळ समजून टाचा घासायच्या वजरीनं मान घासत बसले आणि सोलून घेतली. आत्याबाईंनी पाहिलं आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मळ नोहे वं ते, पोट्टी. बाळंत झाली का जाते." पायांतली जोडवी रुतून बसली. नाक सतत चोंदलेलं. मी घोरायला लागले, हे ह्यांनी सांगितलं तेव्हा मी ह्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. आणि डोहाळे तरी कसले, तर म्हशीपुढं भिजत घातलेल्या सरकीच्या ढेपेचे, म्हणजे पेंडीचे. त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा राहवेना, घमेल्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला, आणि मागं आत्याबाई उभ्या.

"म्हशीचं खाऊन राह्यली का?" त्या म्हणाल्या. "म्हैस का म्हणन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी भुईमुगाची ताजी ढेप आणवली आणि वाटीत घालून माझ्यापुढं ठेवली. सीतादहीला, म्हणजे वेचणी सुरू करण्याआधी शेतात पूजा करून दहीभात शिंपडतात ना, तेव्हा त्यांनी तो मान मला दिला. "भरल्या पोटाची बाई आहे, तिच्याच हातानं होऊ द्या." मी पराटीच्या, कापसाच्या झाडांच्या ओळीत दहीभात शिंपडत चालले होते आणि मागून मजूर बाया बघत होत्या. एवढं महत्त्व मला जन्मात कोणी दिलं नव्हतं. शरीर रोज काहीतरी नवीन विचित्र करायचं आणि मला त्याची भीती कमी, कौतुकच जास्त वाटायचं, कारण प्रत्येक विचित्र गोष्टीमागं आत्याबाई काहीतरी घेऊन यायच्या.

मग खाज आली. आधी तळहातांना. "उजवा खाजते का डावा?" आत्याबाईंनी विचारलं. दोन्ही, मी म्हटलं. "मंग तं भाव वाढते पाह्य," त्या म्हणाल्या, कारण तळहात खाजला की पैसा येतो. आम्ही दोघी हसलो. आठवड्यात ती तळपायांत उतरली. मी बाजेच्या सुंभावर तळपाय घासायची, उंबऱ्याच्या कडेवर घासायची, पाण्याच्या हौदात पाय सोडून बसायची. दिवस मावळला की वाढायची. अंगावर पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज, कातडीच्या आत कुठंतरी, जिथं नख पोचत नाही. आत्याबाईंचं हसणं थांबलं.

"कापूस चावून राह्यला तुले," त्या म्हणाल्या.

पुढच्या खोलीतला सगळा कापूस त्यांनी दुसऱ्याच दिवशी हलवला. दोन मजूर बाया लावल्या, स्वतः पदर खोचला, आणि चादरीत गाठोडी बांधून सगळा ढीग मागच्या आपल्या खोलीत नेला. छपराला टेकेल एवढा. त्यावरच आपली वाकळ टाकली. माझी खोली शेणानं सारवून घेतली, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. शेजारची शेवंताबाई कुंपणावरून बोललीच, "सुनेसाठी कापूस हालवला म्हणे. आमच्या वक्ती तं आमी कापसातच बाळंत झालो." आत्याबाई गाठोडं न टेकवता म्हणाल्या, "कापूस का पुढच्या सालीही होईन."

आठ दिवसांत आत्याबाईंचे हात, मान, पोट गांधींनी भरून गेलं. माझी खाज तशीच. एका घरात दोघी खाजवत बसायचो, त्या करंजाचं तेल आधी माझ्या तळपायांना लावायच्या आणि मग वाटीत उरलेलं स्वतःच्या हातांना.

मला आठवा लागला तेव्हा ह्यांच्या गाडीवर आर्णीला तपासायला गेले. हे फवारणीच्या पंपाचा वायसर घ्यायला दुकानात थांबले आणि मी एकटीच आत गेले. डॉक्टरीणबाई शांत होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी माझे तळहात उलटेपालटे करून पाहिले. खालची पापणी ओढून पाहिली. लघवीचा रंग विचारला. मी लाजत म्हटलं, काळ्या चहासारखा. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"घरात कापूस आहे का?"

"होता. आता मागच्या खोलीत ठेवला."

"आणि तरी खाज आहेच?"

"हो."

"मग ही कापसाची नाही. कापसाची असती तर पुरळ आलं असतं. ही पोटातल्या बाळामुळं आहे, काही काही बायकांना होते. यकृताला ताण पडतो. तुझ्यासाठी नुसती खाज, पण बाळासाठी हे चांगलं नाही. उद्याच यवतमाळला जाऊन रक्त तपासायचं. दर आठवड्याला दाखवायचं. आणि बाळाचं हलणं कमी वाटलं तर एक तासही थांबायचं नाही. दिवस भरेपर्यंत वाट बघायची नाही आपण, आधीच कळा आणू. घरी कोण आहे? त्यांना आत बोलव."

मी म्हटलं, कोणी आलं नाही.

हे समोरच्या दुकानात उभे होते. मला खिडकीतून दिसत होते.

का म्हटलं तसं? आजवर मी स्वतःला याची कितीतरी कारणं देऊन बसले आहे. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, तेवढ्या वेळात माझ्या डोळ्यांपुढून काय काय गेलं ते अजून स्वच्छ आठवतं. गाठोडं डोक्यावर घेतलेल्या आत्याबाई. त्यांच्या मानेवरच्या गांधी. शेवंताबाई. घरी जाऊन सांगायचं, की कापूस उगाच हलवला, खोट कापसात नव्हती, सुनेत होती? आणि मग ते सगळं थांबलं तर? तेलाची वाटी, ढेपेचा तुकडा, "मी आहो नं"? कापसाची खाज झालेली सून लाडकी होती. आतून बिघडलेल्या सुनेचं काय करतात, ते मला ठाऊक नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं. म्हणजे शेवटी कारण एकच. मला कोणीतरी जपत होतं, आणि ते मला सोडवत नव्हतं. एकवीस वर्षांची होते, अडाणी नव्हते, बारावी पास होते. चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर मला वाचता येत होतं.

गाडीवर बसताना ह्यांनी विचारलं, "का म्हटलं डॉक्टरनं?"

"खाजीचं मलम लिहून दिलं," मी म्हटलं. चिठ्ठी चार घड्या करून बांगड्यांच्या डब्यात खाली ठेवली.

मी पुढच्या आठवड्यात गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रोज ठरवायची, आज सांगते. एकदा तर बोलायला तोंड उघडलंही. आत्याबाई ताटात तुरी निवडत होत्या. "आत्याबाई, हे खाजीचं..." त्या लगेच उठल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. मी पाय पुढं केले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात बाया बसल्या होत्या. मी मधल्या पाटावर, काळ्या चंद्रकळेत, अंगावर हलव्याचे दागिने. कोणीतरी ओटीत बोरं, हरभऱ्याचे घाटे टाकत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललं नाही. मी पोटावर हात ठेवून बसले. शेजारच्या बाईला हळूच म्हटलं, तर ती म्हणाली, "आता जागा कुठं उरली आहे त्याले? शेवटी शेवटी नाहीच हालत." सगळ्या जणींनी मान डोलावली. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एक तासही थांबायचं नाही, हे शब्द माझ्या कानांत होते, आणि मी पाटावर बसून राहिले, तिळगूळ वाटला, वाण दिलं, बायांना दारापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सांगितलं. यवतमाळला नेईपर्यंत ठोके नव्हते. मुलगा होता. पूर्ण वाढलेला, नखंसुद्धा आलेली. नखंच मी पाहिली. तोंड पाहायची हिंमत झाली नाही.

लोक म्हणतात, काळ औषध आहे. माझ्या बाबतीत तरी तसं काही झालं नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही.

खाज तिसऱ्या दिवशी गेली. सगळी, जशी कधी नव्हतीच. त्याच दिवशी दूध आलं. शरीराला कोणी सांगितलं नव्हतं की प्यायला कोणी नाही. चोळी भिजायची, पदर भिजायचा, शेजारचं लेकरू रडलं की अजून यायचं. टिपायला कापसाचा बोळा मागितला तर आत्याबाईंनी दिला नाही. सासऱ्यांचं जपून ठेवलेलं धोतर त्यांनी टराटरा फाडलं आणि घड्या करून माझ्या हातात दिलं. मग भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचा तो मोठा आवाज अगदी बारीक झाला होता.

"माह्या कापसानं खाल्लं लेकरू," त्या म्हणाल्या. "इकला असता तवाच, तं वाचलं असतं. मी भावाच्या मांगं लागली."

तेव्हा बोलायचं होतं. एवढीच वेळ होती. मी धोतराच्या घड्या छातीशी धरल्या. मला वाटलं, आज त्यांना रडू देऊ, उद्या सांगू.

त्या आठवड्यात आत्याबाईंनी गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावलं आणि मिळेल त्या भावानं सगळा कापूस देऊन टाकला. पंधरा दिवसांनी भाव चढला. गाव हसलं. पुढच्या वर्षीपासून आमचा कापूस शेतातूनच परस्पर जाऊ लागला. एक बोंडही घरात येऊ दिलं नाही. देवाच्या वातीसुद्धा त्या दुकानातून आणायच्या. हे दर वर्षी कुरकुरायचे, "आई, चार दिवस ठेवू नं." त्या म्हणायच्या, "मी एकदा ठेवला होता." आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळत असायची.

याहून वाईट सांगायचं राहिलंच आहे. मुलीच्या वेळी मला पुन्हा दिवस गेले तेव्हा खाज पुन्हा आली. कापूस घरात नव्हता. आळ घालायला काही नव्हतं. मी आत्याबाईंसमोर एकदाही खाजवलं नाही. न्हाणीत जाऊन दगडावर तळहात घासायची, बाहेर येताना तोंड पुसून यायची. डॉक्टरीणबाईंकडं स्वतःहून गेले, रक्त तपासलं, दर आठवड्याला दाखवलं, शेवटचा दीड महिना यवतमाळजवळ लोहाऱ्याला लांबच्या मावशीकडं राहण्याचं निमित्त काढलं. मुलगी तीन आठवडे आधी झाली, रडत, लालबुंद. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पाह्य, घरात कापूस नाही तं कशी खणखणीत झाली." मी हो म्हटलं. म्हणजे सगळं कसं करायचं ते मला येत होतं. पहिल्या वेळी नुसतं केलं नाही.

आता मी अंगणवाडीत मदतनीस आहे. गावात पोटुशी बाई दिसली की तिचं नाव-गाव नंतर विचारते, आधी विचारते, "तळहात खाजते का? तळपाय?" बाया मला हसतात. मागं माझं नावही काहीतरी ठेवलं आहे, ते मला माहीत आहे, हसू देत. पण हा प्रश्न मी घरी कधी विचारला नव्हता. घरात आत्याबाई असतात.

गेल्या आठवड्यात शेवंताबाईंची नातसून आमच्याच अंगणात आली. सातवा महिना, पहिलटकरीण, चेहऱ्यावर तेच माझं जुनं कौतुक. बोलता बोलता तळहात खाजवत होती. "घरात कापूस भरला नं, काकू, लय चावते." मला आजूबाजूचं भान राहिलं नाही. मी तिचे दोन्ही हात धरले. पुरळ नव्हतं. "हे कापसाचं नाही," मी म्हटलं. "उद्या सकाळी माझ्यासोबत चाल. थांबायचं नाही. यात लेकरू जाते पोटातल्या पोटात." ती घाबरून उठली, तिला सासूशी बोलायला घरी पाठवलं, आणि वळले तर ओसरीवर आत्याबाई. मांडीवर सुपात तुरी. हात थांबलेले.

"हे तुले कवा समजलं वं?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलं होतं. इतक्या वर्षांत कोणी मला हा प्रश्न विचारला नव्हता, आणि उत्तर तीन अक्षरांचं होतं. तवाच. मला ते येत होतं.

"ट्रेनिंगमध्ये," मी म्हटलं. "अंगणवाडीच्या."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे माह्या कापसानं नाही गेलं ते?"

"नाही, आत्याबाई. कापसानं नाही."

मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले तर त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला, ऐंशीकडं झुकलेला, हाडं लागणारा हात. "तुले तरी कुठं माहीत होतं, माय," त्या मला समजावत होत्या. "माहीत असतं तं तू बोलली नसती का?"

"बोलली असती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ह्यांना सांगितलं, यंदा कापूस घरात भरा. त्या रात्री नीट जेवल्या. आता पुढच्या खोलीत खाट टाकून तिथंच बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगतात की माह्या कापसाचा काही दोष नव्हता. माझ्याकडं पाहून हसतात. मला पुन्हा जपतात, आणि मी पुन्हा घेते आहे.

नातसुनेला मी आर्णीला नेलं, तिचं रक्त तपासून घेतलं, ती आता दर आठवड्याला जाणार आहे. ते माझ्या हातून झालं. त्यानं माझं काही फिटत नाही.

आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस झालं. तोंडानं मला जमत नाही, ते आता पुरतं कळलं. दिवाळीला मुलगी घरी येईल. ती आली की आजीजवळ बसते आणि हाताला लागेल तो कागद मोठ्यानं वाचून दाखवते, पोथी असो की दुकानाचं बिल. ही वही मी आज आत्याबाईंच्या खाटेवर, उशाशी ठेवली आहे.